फाइल व्यवस्थापकातील आभासी फाइल प्रणाली

फाइल व्यवस्थापकातील आभासी फाइल प्रणाली ही एक सॉफ्टवेअर व्यवस्था आहे. संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर फोल्डर म्हणून अस्तित्वात नसलेली सामग्री ती साध्या फोल्डरप्रमाणे दाखवते व हाताळू देते. दूरच्या सर्व्हरवरील फाइली, झिप किंवा टार प्रकारच्या संग्रहात बांधलेल्या फाइली, मोबाइलमधील छायाचित्रे, ध्वनी सीडीवरील गाणी आणि कचरापेटी ही अशा सामग्रीची नेहमीची उदाहरणे आहेत. वापरकर्त्याला या सर्व ठिकाणी तीच खिडकी, तीच चित्रे आणि नक्कल, हलवणे, नाव बदलणे, पुसणे या त्याच आज्ञा मिळतात. प्रत्येक ठिकाणाची भाषा वेगळी असते व ती बोलण्याचे काम पडद्यामागील स्वतंत्र घटक करतात.

मिडनाइट कमांडर, नोम या डेस्कटॉपमधील फाइल्स, केडीईमधील डॉल्फिन, विंडोजमधील फाइल एक्सप्लोरर आणि टोटल कमांडर या सर्वांत ही कल्पना वेगवेगळ्या रूपांत आढळते. ही व्यवस्था सर्व ठिकाणांचे दर्शन एकसारखे करते. परंतु त्या ठिकाणांचे गुणधर्म एकसारखे करू शकत नाही. पुसलेली फाइल परत मिळेल का, केलेला बदल मूळ जागी पोचला का, अर्धवट तुटलेले काम पुढे चालू होईल का, या प्रश्नांची उत्तरे ठिकाणागणिक बदलतात. म्हणून तिचा सुरक्षित वापर करण्यासाठी तिच्या अंतर्गत रचनेची जुजबी ओळख असणे उपयुक्त ठरते.

संज्ञा व व्याप्ती

‘आभासी फाइल प्रणाली’ ही संज्ञा संगणकशास्त्रात दोन अर्थांनी वापरली जाते. पहिला अर्थ संचालन प्रणालीच्या गाभ्याशी, म्हणजे कर्नलशी संबंधित आहे. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकी कंपनीने १९८५ च्या सुमारास आपल्या सनओएस या युनिक्स प्रणालीत असा एक स्तर आणला. त्यामुळे स्थानिक डिस्कवरील फाइली आणि एनएफएस पद्धतीने जाळ्यावरून मिळणाऱ्या फाइली यांना एकाच प्रकारच्या आज्ञांनी हाताळणे शक्य झाले. या रचनेचे वर्णन स्टीव्ह क्लायमन यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात आहे. लिनक्सच्या कर्नलमध्येही याच नावाचा स्तर आहे.

दुसरा अर्थ या लेखाचा विषय आहे. येथे आभासी फाइल प्रणाली कर्नलच्या बाहेर, वापरकर्त्याच्या स्वतःच्या अधिकारात चालते. ती वापरण्यासाठी प्रशासकाच्या परवानगीची गरज नसते. मात्र या सोयीमुळेच तिच्यावर एक बंधन येते. कर्नलमधील स्तराचा लाभ संगणकावरील प्रत्येक आज्ञावलीला आपोआप मिळतो, तर फाइल व्यवस्थापकाच्या आभासी प्रणालीतील ठिकाणे फक्त त्या प्रणालीशी बोलू शकणाऱ्या आज्ञावलींनाच दिसतात. व्यवस्थापकात समोर दिसणारी फाइल एखाद्या आज्ञावलीच्या ‘उघडा’ या चौकटीत सापडत नाही, त्याचे कारण बहुधा हेच असते.

इतिहास

दोन चौकटींच्या फाइल व्यवस्थापकांची परंपरा नॉर्टन कमांडरपासून सुरू झाली असे सामान्यतः मानले जाते. जॉन सोचा यांनी लिहिलेली ही डॉस प्रणालीवरील आज्ञावली १९८६ मध्ये बाजारात आली. मेक्सिकोचे मिगेल दे इकाझा यांनी १९९४ मध्ये युनिक्ससाठी तिच्याच धर्तीवर मिडनाइट कमांडर लिहिण्यास सुरुवात केली. टार संग्रहात फोल्डरप्रमाणे शिरणे आणि एफटीपी सर्व्हर एका चौकटीत उघडणे या सोयी त्यात देण्यात आल्या. पुढे १९९८ मध्ये पावेल माखेक यांनी मिडनाइट कमांडरसाठी ‘फिश’ ही पद्धत रचली. दूरच्या संगणकावर केवळ शेल आणि युनिक्सची नेहमीची साधने असली तरी तेथील फाइली या पद्धतीने हाताळता येतात.

मायक्रोसॉफ्टने १९९५ मध्ये विंडोज ९५ बरोबर आणलेल्या एक्सप्लोररमध्ये ‘माय कॉम्प्युटर’, ‘रिसायकल बिन’ आणि ‘कंट्रोल पॅनेल’ ही ठिकाणे फोल्डरांच्या रांगेत मांडली होती. यांपैकी कोणतेही ठिकाण डिस्कवरील साधे फोल्डर नव्हते. झिप संग्रह फोल्डरसारखा उघडण्याची सोय पुढे विंडोज एक्सपीमध्ये (२००१) मूळ प्रणालीचाच भाग म्हणून मिळाली. सेव्हन-झिप, रार आणि टार या प्रकारांसाठीचा अंगभूत आधार विंडोज ११ मध्ये २०२३ साली आला.

लिनक्सवरील दोन मोठ्या डेस्कटॉप प्रकल्पांनी या कल्पनेला व्यापक रूप दिले. ऑक्टोबर २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या केडीईच्या दुसऱ्या आवृत्तीत केआयओ ही व्यवस्था आणि तिच्यावर उभा असलेला कॉन्करर हा फाइल व्यवस्थापक होता. नोम प्रकल्पाने आरंभी मिडनाइट कमांडरचेच चित्रमय रूप वापरले. २००१ मध्ये त्याची जागा नॉटिलसने घेतली व त्याच्यासोबत नोम व्हीएफएस हा स्तर आला. या स्तरात प्रत्येक आज्ञावली सर्व्हरशी स्वतंत्र जोडणी करत असे. ही रचना बदलून अलेक्झांडर लार्सन यांनी जीआयओ आणि जीव्हीएफएस ही जोडव्यवस्था तयार केली. मार्च २००८ मधील नोम २.२२ या आवृत्तीपासून ती वापरात आहे.

दरम्यान, ऑक्टोबर २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या २.६.१४ या आवृत्तीत फ्यूज ही सोय समाविष्ट झाली. सामान्य आज्ञावलीला स्वतःची फाइल प्रणाली कर्नलमार्फत सर्वांना उपलब्ध करून देणे तिच्यामुळे शक्य झाले. कर्नलमधील स्तर आणि डेस्कटॉपवरील स्तर यांच्यातील दरी सांधण्यासाठी पुढे तिचाच उपयोग झाला.

रचना व कार्यपद्धती

या व्यवस्थेची तुलना ग्रंथालयातील देवघेवीच्या खिडकीशी करता येते. वाचक चिठ्ठी देतो आणि पुस्तक घेतो. ते कपाटातून आले, तळघरातून आले की दुसऱ्या ग्रंथालयातून मागवले, हे त्याला दिसत नाही. मात्र लागणारा वेळ आणि पुस्तकावर टिपण करण्याची मुभा यांवर त्याचा परिणाम होतो. आभासी फाइल प्रणालीत चिठ्ठीची जागा पत्ता घेतो आणि ग्रंथपालाची जागा पार्श्वघटक घेतो.

पत्ता: आभासी ठिकाणाच्या पत्त्याच्या आरंभी पद्धतीचे नाव, त्यानंतर अपूर्णविराम व तिरक्या रेषा आणि पुढे सर्व्हरचे नाव व मार्ग असतो. उदाहरणार्थ, सुरक्षित फाइल वहनाचा पत्ता ‘एसएफटीपी://सर्व्हर/मार्ग’ या साच्याचा असतो. प्रत्यक्षात तो रोमन लिपीत लिहावा लागतो. पत्त्याचा पहिला भाग पाहून कोणत्या पार्श्वघटकाला बोलवायचे हे ठरते.

पार्श्वघटक: प्रत्येक पद्धतीसाठी एक घटक असतो. फोल्डरातील यादी द्या, फाइल वाचा, फाइल लिहा, नाव बदला, पुसा, नवे फोल्डर करा अशा थोड्या मूलभूत मागण्या त्याला समजतात. एखादी मागणी पूर्ण करणे त्या ठिकाणी शक्यच नसेल तर घटक तसे कळवतो आणि व्यवस्थापक ती आज्ञा अंधुक करतो किंवा त्रुटीचा संदेश दाखवतो. जीव्हीएफएस व केआयओ या दोन्हींत हे घटक वेगळ्या प्रक्रिया म्हणून चालतात. त्यामुळे एखादा सर्व्हर प्रतिसाद देईनासा झाला तरी संपूर्ण व्यवस्थापक कोसळत नाही.

तात्पुरती प्रत: संग्रहातील किंवा दूरची फाइल उघडताना पुष्कळदा तिची एक प्रत स्थानिक डिस्कवर काढली जाते आणि संपादक ती प्रत उघडतो. बदल जतन झाल्यावर प्रत मूळ जागी परत पाठवायची असते. ती कोणी, केव्हा आणि विचारून की न विचारता पाठवायची, याबाबत प्रत्येक व्यवस्थापकाचा नियम वेगळा आहे.

फ्यूजचा पूल: आभासी प्रणालीची भाषा न जाणणाऱ्या आज्ञावलींसाठी जीव्हीएफएस आपली जोडलेली ठिकाणे एका खऱ्या फोल्डरातही मांडते. पूर्वी हे फोल्डर वापरकर्त्याच्या घर-फोल्डरात लपलेले असे. आता ते प्रणालीच्या ‘रन’ या फोल्डरात, वापरकर्त्याच्या क्रमांकाखाली असते. केडीईमध्ये हेच काम केआयओ-फ्यूज करते. पुलावरून जाताना काही गुण हरवतात. उदाहरणार्थ, गुगल ड्राइव्हमध्ये एकाच फोल्डरात एकाच नावाच्या दोन फाइली असू शकतात. त्यामुळे जीव्हीएफएसच्या संबंधित घटकात फाइलीची ओळख सांकेतिक क्रमांकाने ठेवलेली असते आणि पुलावरील मार्गात नावांऐवजी तेच क्रमांक दिसतात.

आभासी ठिकाणांचे प्रकार

संग्रह: झिप, टार व तत्सम फाइली या गटात येतात. झिपच्या शेवटी आतील सर्व फाइलींची अनुक्रमणिका असते, म्हणून मोठा झिप संग्रहही चटकन उघडतो आणि त्यातील एकच फाइल काढता येते. टारमध्ये अशी अनुक्रमणिका नसते, फाइली एकामागून एक ठेवलेल्या असतात. संपूर्ण टार जीझिपने दाबलेला असेल तर शेवटची फाइल मिळवण्यासाठी आरंभापासून सर्व उलगडावे लागते. एकाच आकाराचे दोन संग्रह उघडण्यास लागणाऱ्या वेळात मोठा फरक पडतो तो यामुळे.

दूरची ठिकाणे: एसएफटीपी, एफटीपी, वेबडॅव्ह, विंडोजची सामायिक फोल्डरे ज्यावर चालतात ती एसएमबी आणि युनिक्समधील एनएफएस या पद्धती प्रचलित आहेत. यांचा वेग जाळ्याच्या रुंदीइतकाच प्रत्येक मागणीला लागणाऱ्या उत्तराच्या विलंबावर अवलंबून असतो. म्हणून एक मोठी फाइल लवकर उतरते. पण तेवढ्याच एकूण आकाराच्या हजारो लहान फाइलींना कितीतरी अधिक वेळ लागतो. अशा वेळी त्या पलीकडेच एका संग्रहात बांधून आणणे सोयीचे पडते.

उपकरणे: कॅमेऱ्यांसाठी पीटीपी आणि मोबाइलसाठी एमटीपी ही पद्धत वापरली जाते. एमटीपीमध्ये साठवणुकीचा ताबा मोबाइलकडेच राहतो व संगणक केवळ मागणी करतो. म्हणून मोबाइल कुलूपबंद असेल तर फोल्डर रिकामे दिसते. मूळ एमटीपी नियमावलीत फाइलीचा मधला भाग जागच्या जागी बदलण्याची सोय नाही. बदललेली फाइल नव्याने पाठवावी लागते.

रचलेली ठिकाणे: काही ठिकाणांची मांडणी व्यवस्थापक स्वतः करतो. लिनक्स डेस्कटॉपवरील कचरापेटी हे त्याचे उदाहरण आहे. पुसलेल्या फाइली घर-फोल्डरातील आणि प्रत्येक जोडलेल्या डिस्कवरील वेगवेगळ्या लपलेल्या फोल्डरांत असतात. प्रत्येकीसोबत मूळ मार्ग व पुसल्याची तारीख नोंदवलेली छोटी फाइल असते. ‘कचरापेटी’ हे दृश्य या सर्वांना एकत्र करून दाखवते आणि त्या नोंदीच्या आधारे फाइल पूर्वस्थानी नेते. ‘अलीकडील फाइली’ हे ठिकाणही असेच रचलेले असते.

प्रमुख उदाहरणे

मिडनाइट कमांडर: हा व्यवस्थापक अक्षरी पडद्यावर चालतो, म्हणून चित्रमय डेस्कटॉप नसलेल्या सर्व्हरवरही तो वापरता येतो. संग्रहावर एंटर कळ दाबली की त्यात प्रवेश होतो. टार संग्रह केवळ वाचता येतो, तर झिप संग्रहात फाइल घालता वा पुसताही येते. त्याची ‘एक्स्टएफएस’ ही सोय विशेष उल्लेखनीय आहे. नवा संग्रहप्रकार शिकवण्यासाठी यादी देणे, फाइल बाहेर काढणे, आत घालणे, पुसणे अशा आज्ञांना उत्तर देणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली तरी पुरते. एक्स्ट२ प्रकारच्या डिस्कवरील पुसलेल्या फाइली फोल्डरासारख्या दाखवणारा घटकही त्यात आहे.

जीव्हीएफएस: नोममधील फाइल्स (२०१२ पर्यंत प्रचलित नाव नॉटिलस) यांखेरीज निमो, काजा, थुनार हे व्यवस्थापकही जीव्हीएफएसचा उपयोग करतात. एकदा जोडलेले ठिकाण त्या सत्रातील सर्व संबंधित आज्ञावलींना सामायिक असते, त्यामुळे पासवर्ड पुन्हा पुन्हा विचारला जात नाही. त्याचा संग्रह-घटक केवळ वाचनाची मुभा देतो. २०१६ मधील नोम ३.२२ पासून फाइल्समध्ये संग्रहावर दोनदा टिचकी मारल्यास त्यात शिरण्याऐवजी तो शेजारी उलगडण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. त्यामुळे वापरकर्त्याच्या हाती खरी, बदलता येण्याजोगी फाइल येते.

केआयओ: २००८ पासून केडीईचा मुख्य व्यवस्थापक असलेला डॉल्फिन आणि केट हा संपादक यांच्यासह केडीईच्या बहुतेक आज्ञावली केआयओ जाणतात. केटमधून दूरच्या सर्व्हरवरील फाइल थेट उघडता व जतन करता येते. ध्वनी सीडीसाठीचा घटक तर डिस्कवर नसलेल्या फाइलीही दाखवतो. सीडीत एमपी३, ओग व्हॉर्बिस, फ्लॅक अशी फोल्डरे असल्याचे भासते. त्यातील गाणे ओढून आणले की त्याच वेळी त्या स्वरूपात रूपांतर होते. युनिक्सची नियमपुस्तिका वाचण्यासाठीही केआयओचा घटक आहे.

टोटल कमांडर: क्रिश्चियन गिसलर यांचा विंडोजवरील हा दुचौकटी व्यवस्थापक १९९३ पासून उपलब्ध असून २००२ पर्यंत त्याचे नाव विंडोज कमांडर होते. संग्रह आणि फाइल प्रणाली यांच्यासाठी त्याने वेगवेगळ्या प्रकारची जोड-आज्ञावली लिहिण्याची सोय खुली ठेवली. त्यामुळे इतरांनी त्यासाठी मोठ्या संख्येने घटक तयार केले.

प्रत्यक्ष वापर

दूरच्या सर्व्हरशी जोडणी करण्यासाठी नोमच्या फाइल्समध्ये बाजूच्या पट्टीतील ‘इतर ठिकाणे’ किंवा नव्या आवृत्त्यांतील ‘नेटवर्क’ या नोंदीत पत्ता लिहिण्याची जागा असते. कंट्रोल व एल या कळा एकत्र दाबल्यास पत्त्याची पट्टी उघडते. डॉल्फिनमध्ये एफ-६ ही कळ हेच काम करते. मिडनाइट कमांडरमध्ये डाव्या व उजव्या चौकटीच्या मेनूत शेल, एफटीपी व एसएफटीपी जोडणीच्या नोंदी आहेत. प्रथम जोडणीच्या वेळी एसएफटीपी सर्व्हरची ओळख-खूण दाखवून ती मान्य आहे का असे विचारले जाते. काम संपल्यावर ठिकाणाच्या नावापुढील विलगीकरणाच्या खुणेने जोडणी तोडता येते.

नेहमी लागणारे ठिकाण खूणपट्टीत नोंदवता येते. खूण म्हणजे केवळ पत्ता असतो. सर्व्हर बंद असताना ती खूण दिसते, पण उघडत नाही. खूण आहे म्हणजे आपल्याकडे प्रत आहे, असा समज करून घेणे चुकीचे ठरते.

मर्यादा व धोके

पुसणे: स्थानिक फाइल पुसली की ती सहसा कचरापेटीत जाते. बहुतेक दूरच्या ठिकाणी, मोबाइलवर आणि संग्रहात कचरापेटी नसते. तेथे फाइल तत्काळ आणि कायमची नष्ट होते. व्यवस्थापक ‘कायमचे पुसायचे का’ असे विचारतो तेव्हा त्या प्रश्नाचा शब्दशः अर्थ घ्यावा लागतो. सवयीने एंटर दाबल्यामुळे होणारी हानी परत भरून काढता येत नाही.

हलवणे: एकाच डिस्कवर फाइल हलवणे म्हणजे केवळ नोंद बदलणे असते व ते क्षणात होते. दोन वेगळ्या प्रणालींमध्ये हलवणे म्हणजे आधी नक्कल व मग मूळ पुसणे होय. मध्येच जोडणी तुटली तर काही फाइली इकडे व काही तिकडे अशी स्थिती उद्भवू शकते. म्हणून महत्त्वाच्या सामग्रीच्या बाबतीत हलवण्याऐवजी नक्कल करणे, प्रत उघडून पाहणे आणि त्यानंतरच मूळ फाइल पुसणे हा क्रम सुरक्षित मानला जातो.

बदल जतन करणे: संपादकात ‘जतन करा’ ही आज्ञा यशस्वी झाली म्हणजे बदल मूळ जागी पोचला असे निश्चितपणे म्हणता येत नाही. केवळ वाचता येणाऱ्या संग्रहातून उघडलेल्या फाइलीत केलेला बदल तात्पुरत्या प्रतीतच राहू शकतो, आणि ती प्रत पुढे आपोआप नाहीशी होते. केडीईमध्ये केआयओ न जाणणारी आज्ञावली तात्पुरत्या प्रतीवर काम करत असेल तर ती बंद केल्यावर बदल परत पाठवायचा का, असे विचारले जाते. नकार दिल्यास बदल मूळ जागी पोचत नाही. संग्रहातील फाइल संपादित करायची असल्यास संग्रह आधी उलगडणे, बदल करणे आणि मग पुन्हा बांधणे हा मार्ग निर्धोक आहे.

परस्परावलंबी फाइली: संग्रहातून एखादे वेबपान किंवा आज्ञावली थेट उघडली तर अनेकदा तेवढी एकच फाइल तात्पुरत्या जागी काढली जाते. तिच्यासोबतची चित्रे वा साहाय्यक फाइली तेथे नसल्यामुळे पान विस्कटलेले दिसते किंवा आज्ञावली सुरू होत नाही. दोष फाइलीत नसून ती उघडण्याच्या रीतीत असतो.

इतर गुणधर्म: फाइलीचे अधिकार, बदलाची तारीख, मालकाचे नाव ही माहिती सर्व पद्धतींत टिकत नाही. दूरच्या फोल्डरात दुसऱ्या कोणी केलेला बदल समोरच्या खिडकीत आपोआप दिसेलच असे नाही; यादी ताजी करावी लागते. दोघांनी एकच फाइल एकाच वेळी उघडली तर शेवटी जतन करणाऱ्याचा मजकूर आधीच्या मजकुरावर बसू शकतो.

देवनागरी फाइलनावे

आभासी प्रणालीत फाइलीचे नाव अनेक हातांतून जाते. त्यामुळे रोमन अक्षरांत न जाणवणाऱ्या काही अडचणी मराठी नावांच्या बाबतीत उद्भवतात.

युनिकोडच्या यूटीएफ-८ या संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. स्वरचिन्हे व हलन्त यांचीही स्वतंत्र चिन्हे म्हणून गणना होते. उदाहरणार्थ, ‘ज्ञानेश्वरी’ या शब्दात ११ चिन्हे असून ती ३३ बाइट व्यापतात. लिनक्सवरील एक्स्ट४ प्रणालीत एका नावाची कमाल मर्यादा २५५ बाइट आहे, म्हणजे देवनागरी नाव ८५ चिन्हांपुरतेच असू शकते. पत्त्याच्या रूपात लिहिताना प्रत्येक बाइटसाठी टक्केचिन्ह व दोन षोडशमान अंक अशी तीन अक्षरे लागतात. त्यामुळे ‘ज्ञानेश्वरी’ हे नाव पत्त्यात ९९ अक्षरांचे होते. पत्त्याच्या पट्टीतून उचलून दुसरीकडे चिकटवलेला मराठी मार्ग टक्केचिन्हांची लांबलचक रांग होऊन उमटतो तो यामुळे. ती रांग बिघडलेली नसते. त्याच नावाचे ते दुसरे लेखन असते.

झिप संग्रहात नाव यूटीएफ-८ मध्ये असल्याची खूण करण्याची सोय २००६ मध्ये त्याच्या अधिकृत नियमावलीत आली. ती खूण न करणाऱ्या आज्ञावलीने बांधलेला संग्रह दुसऱ्या संगणकावर उघडला तर मराठी नावांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. अशा वेळी फाइलींतील मजकूर मात्र सहसा शाबूत असतो.

मराठीच्या दृष्टीने आणखी एक बाब लक्षणीय आहे. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ या शब्दांतील ‘ऱ’ युनिकोडमध्ये एकसंध चिन्ह म्हणून किंवा ‘र’ आणि खालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनी लिहिता येतो. हे शब्द ‘र’, हलन्त व शून्यरुंदी जोडचिन्ह अशा तिसऱ्या रीतीनेही टंकले जातात. ॲपलची जुनी एचएफएस प्लस ही प्रणाली नावातील चिन्हे विलग रूपात साठवत असे, तर लिनक्स दिलेले बाइट जसेच्या तसे ठेवते. परिणामी दोन संगणकांमध्ये फाइलींची ने-आण झाल्यावर डोळ्यांना अगदी सारख्या दिसणाऱ्या नावांच्या दोन फाइली एकाच फोल्डरात दिसू शकतात, किंवा शोध घेऊनही फाइल सापडत नाही. ‘दुसऱ्या सत्राचे गुण’ या नावाच्या अशा दोन फाइलींपैकी अद्ययावत कोणती हे नावावरून ठरवता येत नाही. बदलाची तारीख व आतील मजकूर पाहावा लागतो. एक फाइल पुसण्यापूर्वी दोन्ही उघडून पाहणे आवश्यक असते.

सुरक्षितता

एफटीपी पद्धतीत नाव, पासवर्ड आणि मजकूर हे सर्व उघड्या रूपात जाळ्यावरून जाते. फायरफॉक्स व क्रोम या ब्राउझरांनी २०२१ मध्ये एफटीपीचा आधार काढून टाकला. अनेक फाइल व्यवस्थापकांत तो अजूनही आहे. शक्य तेथे एसएफटीपी किंवा कूटबद्ध वेबडॅव्ह वापरणे श्रेयस्कर असते. पूर्वपरिचित सर्व्हरची ओळख-खूण बदलल्याचा इशारा आल्यास कारण समजेपर्यंत पासवर्ड देऊ नये, असा संकेत आहे.

पासवर्ड लक्षात ठेवण्याची विनंती केल्यास तो नोममध्ये कीरिंग आणि केडीईमध्ये के-वॉलेट या कूटबद्ध कोशात ठेवला जातो. सामायिक संगणकावर, उदाहरणार्थ शाळेच्या किंवा ग्रंथालयाच्या, पासवर्ड केवळ चालू सत्रापुरता ठेवण्याचा पर्याय निवडणे आणि उठण्यापूर्वी जोडणी तोडणे इष्ट असते. दूरच्या किंवा संग्रहातील फाइलींच्या तात्पुरत्या प्रती स्थानिक डिस्कवर तयार होत असल्याने, गोपनीय मजकूर केवळ सर्व्हरवरच आहे असे गृहीत धरता येत नाही.

हे सुद्धा पहा

फाइल व्यवस्थापक
मिडनाइट कमांडर
नोम
केडीई
फ्यूज (लिनक्स)
झिप (फाइल स्वरूप)
युनिकोड
देवनागरी